फळ्यावरचा विषय, वहीतला विषय

दिल्लीत नोव्हेंबर लागला की शाळाशाळांतून एकच निबंध लिहून घेतला जातो : ‘प्रदूषण – एक समस्या’. हिंदीच्या तासाला, इंग्रजीच्या तासाला, आणि रविवारच्या मराठी वर्गातही. इतकी वर्षं हा निबंध वाचतेय की पहिलं वाक्य दिसलं की पुढची मला वहीकडे न बघता म्हणता येतात. आजच्या विज्ञानयुगात मानवाने मोठी प्रगती केली आहे. परंतु या प्रगतीमुळे निसर्गाचा समतोल ढासळला आहे. प्रदूषणाचे मुख्य प्रकार तीन. मग कारखाने येतात, मग वाहनं, मग वृक्षतोड, आणि शेवटी प्रत्येकाने एक तरी झाड लावावं अशी कळकळीची विनंती.

हे लिहिणारं पोर तेव्हा खोकत असतं. २०१६ च्या नोव्हेंबरात धुरामुळे दिल्लीतल्या शाळा तीन दिवस बंद राहिल्या, तेव्हा त्याचं नवल वाटलं होतं. २०२३ मध्ये हिवाळ्याची सुट्टीच ओढून नोव्हेंबरात आणली. २०२४ मध्ये वर्ग पुन्हा मोबाइलवर भरले. आता पाचवीतल्या मुलालाही ‘ग्रॅप’चे, म्हणजे हवा बिघडली की लागू होणाऱ्या निर्बंधांचे, चारही टप्पे तोंडपाठ आहेत. कितव्या टप्प्याला बाबांची जुनी डिझेल गाडी खाली उभी राहते, कितव्याला शाळा ऑनलाइन होते, हे तो मला शिकवतो. हवेचा एक्यूआय चारशेच्या वर गेला की खेळाचा तास जातो, म्हणून सकाळी उठल्याबरोबर आकडा बघणारी मुलं माझ्या वर्गात आहेत. आणि यातलं एक अक्षर निबंधात येत नाही. मुलांची पक्की समजूत असते की निबंधात आपल्याला ठाऊक असलेलं लिहायचं नसतं, निबंधात लिहितात तसलं लिहायचं असतं.

मी गाझियाबादेतल्या एका शाळेत हिंदी शिकवते आणि रविवारी मराठी मंडळाच्या खोलीत मराठीचा वर्ग घेते. शाळेत मी ‘मॅम’, रविवारी कुणाची ‘काकू’ तर कुणाची ‘बाई’. दोन्हीकडे शिकवायचं तेच असतं. निबंधाची सुरुवात कशी करावी, शेवट कसा करावा, परिच्छेद किती पाडावेत, हे सगळे पालक विचारतात. त्याच्या आधीची एक पायरी आहे, तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. फळ्यावर लिहिलेला विषय हा तुमचा विषय नसतो. तो फार मोठा असतो. प्रदूषण, निसर्ग, आई, वेळेचं महत्त्व. त्यातून आपल्यापुरता एक तुकडा तोडून घ्यावा लागतो, आणि तो घेईपर्यंत पेन उचलायचं नाही.

इंदिरापुरममध्ये चौदाव्या मजल्यावर राहणारी एक मुलगी आहे, सातवीत. तिच्या वहीत वर सांगितला तोच निबंध होता, अक्षर सुरेख. मी वही मिटून ठेवली आणि विचारलं, आज सकाळी बाल्कनीतून काय दिसलं? ती म्हणाली, एकच टॉवर. म्हणजे? मग कळलं की त्यांच्या बाल्कनीतून समोर एकामागे एक असे सात टॉवर दिसतात, आणि ती आणि तिचा धाकटा भाऊ रोज सकाळी ते मोजतात. हवा बरी असेल तर सात. दिवाळीनंतर तीन. वाईट दिवशी एकच, आणि त्याचेही वरचे मजले नाहीत. एक्यूआयचा आकडा बघायची त्यांना गरजच पडत नाही. ‘आज दोन टॉवर’ म्हटलं की आईला समजतं, भावाला खाली खेळायला सोडायचं नाही.

मी म्हटलं, हे लिही. तर तिचा प्रश्न : ‘ये भी लिख सकते हैं?’

या प्रश्नाला उत्तर देण्यात माझी निम्मी नोकरी गेली. मुलांना परवानगी हवी असते. ती एकदा दिली की पुढचं काम सोपं होतं असं नाही, पण निदान कामाला हात घालता येतो. त्या मुलीने टॉवर मोजण्याचा निबंध लिहिला आणि शेवटी सवयीने झाडं लावलीच. मी विचारलं, टॉवर दिसत नाहीत हे कळलं, मग पुढे? तुझं म्हणणं काय? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, आमची शाळा बंद होते, ट्यूशन ऑनलाइन होते, पण गेटवरचे गार्ड भैया ऑनलाइन होत नाहीत. ते बाराही तास बाहेरच असतात. तिच्या निबंधाचा दुसरा अर्धा भाग तिथून सुरू झाला. धुराने सगळ्यांना सारखाच त्रास होतो असं ज्या पुस्तकातून ती आधी उतरवून आणत होती, त्या पुस्तकाला तिने एका वाक्यात खोडून काढलं होतं, आणि ते तिला ठाऊकही नव्हतं.

पुस्तकं म्हणजे गाइडं. ‘शंभर निबंध’, ‘आदर्श निबंध’, काहींच्या मुखपृष्ठावर ‘निबंधमाला’ असंही असतं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ मासिक काढलं आणि सात वर्षांत त्याचे चौऱ्याऐंशी अंक जवळजवळ एकट्याने लिहून काढले. बत्तिसाव्या वर्षी ते गेले. त्यांची मतं पटोत न पटोत, कुणाची तरी खरडपट्टी काढायची असल्याशिवाय त्यांनी लेखणी उचलली असेल असं वाटत नाही. गाइडातल्या निबंधाला कुणाशीच भांडायचं नसतं. तो सर्वांना मान्य असलेलं सर्वांना सांगतो. हल्ली पालक मोबाइलमधल्या यंत्राकडून निबंध लिहून घेतात आणि व्हॉट्सअॅपवर पाठवतात, ‘मॅम, ठीक आहे का?’ भाषा गाइडापेक्षा सफाईची असते, एवढाच फरक. कुणाच्याही बाल्कनीतून लिहिलेला निबंध असतो तो.

गाइडांना दोष देऊन मोकळं होता येत नाही मात्र. सीबीएसईच्या दहावीच्या हिंदीत अनुच्छेद लेखन येतं, साधारण १२० शब्दांचं, आणि विषयाखाली संकेतबिंदू दिलेले असतात. मुलं प्रत्येक बिंदूचं एक वाक्य करतात, पुढे-मागे एकेक वाक्य जोडतात, झाला अनुच्छेद. महाराष्ट्रात दहावीला प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक असे प्रकार असतात, तिथेही साचे तयार आहेत. मी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. समोर गठ्ठा असतो, उन्हाळा असतो, पंखा वर्गाच्या दुसऱ्या टोकाला असतो. अशा वेळी डोळे आपोआप बिंदू शोधतात. पहिला आला, दुसरा आला, तिसरा आला, मार्क. हे मुलांना कुणी न सांगता कळलेलं असतं. ती मूर्ख नसतात, हिशेबी असतात.

मला स्वतःला संकेतबिंदूंचा रागही नाही. ज्याला काहीच सुचत नाही त्याला ते पहिलं वाक्य मिळवून देतात. आणि १२० शब्दांची मर्यादा तर मला आवडते. वहीच्या बारा-तेरा ओळी. एवढ्या जागेत ‘विज्ञानयुग’ बसवायचं की गार्ड भैया, हे ठरवावंच लागतं. हिंदीवाले आपल्याला प्रस्तावना, विषय-विस्तार, उपसंहार शिकवतात, वर कबीराचा नाहीतर रहीमचा दोहा. मराठी मुलं तिथे तुकोबांचा झाडांवरचा अभंग टाकतात, मग विषय पाणीटंचाईचा असला तरी. दोह्यातच दहा-पंधरा शब्द जातात. मी विचारते, तुझ्याकडे शंभरच उरले, परवडतंय का?

रविवारच्या वर्गाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे मार्क नाहीत, त्यामुळे हिशेबही नाही. सीबीएसईत मराठी हा विषय आहे, पण तो घेणारी माझ्या वर्गात जवळजवळ कुणीच नाहीत. येतात ती आईवडिलांनी पाठवलं म्हणून. केंद्र सरकारच्या नोकरीत बदलून आलेल्यांची मुलं, नोएडा-गुरुग्रामच्या कंपन्यांतल्यांची मुलं, आणि करोलबागेतून येणारी गलाईवाल्यांची मुलं. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याचा धंदा घेऊन देशभर पसरली, तशी ती दिल्लीतही आली. चांदनी चौकात कूचा महाजनीत, करोलबागेत सराफांच्या गल्ल्यांत त्यांची लहान लहान दुकानं असतात. मुलं मे महिन्यात गावी जातात आणि जूनमध्ये माणदेशी बोली घेऊन परत येतात. ऑगस्टपर्यंत ती टिकते.

या मुलांच्या मराठीत हिंदी सगळीकडे शिरलेली असते. ‘मी त्याच्याशी विचारलं.’ ‘माझी मदत कर.’ दही पुल्लिंगी, पुस्तक स्त्रीलिंगी. सुरुवातीला पालक वही उघडून मला दाखवायचे, हे बघा, हे तुम्ही लाल केलं नाही. मी पहिल्या वाचनाला पेन हातात घेतच नाही. मूल काय सांगतंय ते आधी कळू दे. ‘दही आंबट झाला’ यात दही आंबट होतं एवढं मला कळलं. ते कधी झालं, कुणी खाल्लं, याची चौकशी आधी. दही नपुंसकलिंगी करायला पुढचा रविवार आहे. पहिल्याच दिवशी पान लाल करून परत दिलं तर दुसऱ्या दिवशी मूल फक्त खात्रीची वाक्यं लिहून आणतं, आणि खात्रीची वाक्यं म्हणजे पुन्हा गाइड.

तर त्या गलाईवाल्यांपैकी एक मुलगा, आठवीत. विषय दिला होता ‘माझ्या वडिलांचा व्यवसाय’. त्याने लिहून आणलं : व्यवसाय हा माणसाच्या जीवनाचा पाया आहे, माझे वडील खूप कष्टाळू आहेत, आम्हाला त्यांचा अभिमान वाटतो. मी म्हटलं, हे तू माझ्या वडिलांबद्दलही लिहू शकला असतास. ते पोस्टात होते. तो हसला. मग आम्ही बोलत बसलो. दुकानात शिरल्यावर आधी काय येतं? वास. कसला? तेजाबाचा. घसा धरतो. मग? मग भट्टी, मूस, चिमटा, पप्पांचा बनियन, त्याला बारीक भोकं पडलेली. मी विचारलं, तू काय करतोस तिथे? ‘काही नाही बाई. मला फक्त निघताना झटकतात.’

झटकतात म्हणजे, दुकानातून बाहेर पडताना कपडे, चपला झटकून घ्यायच्या. कारण जमिनीवरच्या धुळीत सोनं असतं. दुकानातला केर कुणी फेकत नाही. तो डब्यात साठवतात. हात धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत जात नाही, पिंपात जातं, आणि ते खाली बसलं की गाळ काढून ठेवतात. केर, गाळ, जुन्या मुशी, घासायचे कागद, सगळं साठलं की एकदा जाळून, धुऊन, गाळून त्यातलं सोनं काढतात. ‘किती निघतं?’ असं मी विचारल्यावर तो सराफी चेहरा करून म्हणाला, ते सांगत नसतात.

दुसऱ्या रविवारी तो हे सगळं लिहून घेऊन आला. पण पहिल्या ओळीत व्यवसाय जीवनाचा पाया होताच, दुसरीत कष्टाळू वडील, तिसरीत सांगली जिल्ह्याची माहिती. सातव्या की आठव्या ओळीत हे वाक्य होतं : ‘आमच्या दुकानात केर फेकत नाहीत.’ मी त्याच्याकडून त्या वाक्याखाली रेघ मारून घेतली आणि म्हटलं, इथून सुरू कर, वरचं सगळं सोड. त्याला ते पटेना. सुरुवात अशी अचानक कशी करायची? मी म्हटलं, शेजारच्या मुलाला फक्त हे वाक्य वाचून दाखव. त्याने दाखवलं. शेजारचा, नोएडाचा, कॉन्व्हेंटमधला, मान वर करून म्हणाला, ‘का?’ झालं. सुरुवात चांगली की वाईट याचं एवढं एकच माप मला ठाऊक आहे. वर्षानुवर्षं बघत आलेय, मुलांची खरी पहिली ओळ बहुतेकदा पानाच्या मध्यावर बसलेली असते. तिच्या वरच्या ओळी म्हणजे मूल लिहायला बसताना हात गरम करत असतं. त्या लिहाव्या, आणि मग काढून टाकाव्या.

परिच्छेदांचंही त्याच निबंधात उरकलं. मी नियम सांगितला नाही. विचारलं, तुझा निबंध किती ठिकाणी घडतो? भट्टीपाशी, जमिनीवर, आणि घरी, जिथे आई पप्पांचे कपडे वेगळे धुते. मग तीन परिच्छेद. जागा बदलली की ओळ सोडायची. मोठ्यांच्या वैचारिक लेखाला हे पुरणार नाही, पण आठवीला पुरतं.

याच सुमाराला मी मुलांना मुक्ता साळवेचा निबंध वाचून दाखवला. शाळकरी निबंधाचं मराठीतलं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, चौदा वर्षांची मुलगी. शाळेत येऊन तिला तीनेक वर्षं झाली होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने दोन अंकांत छापला. आता विषय बघा केवढा : एका अख्ख्या समाजाचं शेकडो वर्षांचं दुःख. चौदा वर्षांच्या पोरीने त्यात कुठून शिरावं? ती हलाखी, अन्याय, गुलामी असे शब्द रचत बसत नाही. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पाऊस-वाऱ्यात त्यांना काय सोसावं लागत असेल, तुम्ही आपल्या अनुभवावरून बघा, असं ती वाचणाऱ्यांना सांगते. वाचणारे कोण, हेही तिला नीट कळलेलं आहे. पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्यांचं काय व्हायचं ते सांगते, जागेचं नाव घेऊन. आणि मग थेट धर्मालाच प्रश्न विचारते, की वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता.

मुलं गप्प ऐकत होती. गलाईवाल्याच्या मुलाने मग विचारलं, ‘बाई, हिला किती शब्दांचा दिला होता?’ सगळे हसले. प्रश्न काही वाईट नव्हता. शब्द किती ते आधी ठरवून कुणी दिले नसतील, म्हटलं, पण वाया एकही घालवलेला नाही, बघ.

मला या निबंधातून मुलांना दाखवायचं होतं ते बाळंतिणीच्या छपराच्या पुढचं. कारण ‘स्वतःचं बघून लिही’ एवढंच सांगत राहिलं की मुलं नुसती वर्णनं लिहायला लागतात. बाल्कनी, पाऊस, आजीचं पातळ. छान असतं, वाचवतं, आणि तिथेच थांबतं. मुक्ताने बघितलं आणि त्यावरून भांडली. बघणं आणि भांडणं या दोन्हींखेरीज निबंध पुरा होत नाही. इंदिरापुरमच्या मुलीला मी ‘मग पुढे?’ म्हणून विचारलं ते यासाठीच. काही मुलांच्या बाबतीत उलटं असतं. वादविवाद स्पर्धांतून आलेली मुलं भांडायला एका पायावर तयार, पण कशावरून ते विचारलं की हवेत हात फिरवतात. त्यांना खिडकीपाशी नेऊन बसवावं लागतं.

पावसाळ्याचा निबंध हे आणखी एक प्रकरण. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ मध्ये बेडूक डराव करतात, मोर पिसारा फुलवतो, शेतकरी आनंदतो. महाराष्ट्रातल्या शहरी मुलांनी मोर लिहिला असता तर मी म्हटलं असतं, कुठे बघितलास? दिल्लीत तसं म्हणायची सोय नाही. इथे मोर खरोखरच येतात, रिजच्या जंगलाच्या बाजूला राहणाऱ्यांच्या गच्चीवर, जेएनयूच्या आवारात, कधी पार्किंगमध्येही. आमच्या वर्गातल्या एकीच्या गच्चीवर येणारा मोर पापड वाळत घातले की ते पळवतो. तिने निबंधात मात्र पिसारा फुलवणाराच मोर लिहिला. पापड खाणारा मोर निबंधात चालत नसेल असं तिला वाटलं. बघून लिहिणं म्हणजे काय, त्यासाठी दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आहे, १९५६ चं. मोठ्या मुलांना मी त्यातला ज्येष्ठ-आषाढ वाचायला सांगते, आणि नक्कल करू नका म्हणून बजावते. दुर्गाबाईंनी एकेका महिन्यात कोणतं झाड नेमकं काय करतं ते बघून ठेवलं होतं. दिल्लीत आषाढ म्हणजे काय? मिंटो ब्रिजखाली पाणी भरणं. कनॉट प्लेसजवळचा तो रेल्वेपूल कितीतरी पावसाळ्यांत बातमीत आलाय, खाली बुडालेल्या बसच्या फोटोसह. ते लिहा की.

२०२३ च्या जुलैत यमुनेला पूर आला तेव्हा मयूर विहारच्या एका मुलाने त्यावर लिहिलं. पहिल्याच ओळीत आकडा : १३ जुलैला यमुनेची पातळी २०८.६६ मीटर झाली, १९७८ चा २०७.४९ चा विक्रम मोडला. आकडे बरोबर होते, वर्तमानपत्रातून घेतलेले. मी विचारलं, दोनशे आठ मीटर म्हणजे नदी कुतुबमिनाराच्या तिप्पट उंच झाली का? तो गोंधळला. त्याला वाटत होतं पाणी तेवढं खोल होतं. मग आम्ही शोधलं. ही उंची समुद्रसपाटीपासूनची, जुन्या लोखंडी पुलापाशी मोजलेली. धोक्याची खूण २०५.३३. म्हणजे खुणेच्या वर किती? वजाबाकी केली : ३.३३. मग मी त्याला वर्गाच्या भिंतीपाशी उभं केलं, जमिनीपासून सव्वातीन मीटर कुठे येतात ते बघ. पंख्याच्या वर, छताला टेकत होते. तो बघत राहिला. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या दीदीची झोपडी नदीकाठच्या खादरमध्ये होती आणि त्या दिवसांत ती मुलांना घेऊन फ्लायओव्हरखाली राहिली होती. पहिल्या मसुद्यात ती दीदी नव्हतीच. दुसऱ्यात आकडा आणि दीदी शेजारी शेजारी आले, आणि आकड्याला काही अर्थ आला.

आत्मवृत्तांबद्दल फार बोलत नाही. फाटकं पुस्तक, जुनी छत्री, यमुना, सगळ्यांची एकच रड असते, पूर्वी मला मान होता, आता कुणी विचारत नाही. एकदा एका मुलाच्या लिफ्टने मात्र तक्रार केली नाही. ती फक्त कोण कुणाशी बोलत नाही ते सांगत गेली. तेवढी एक लक्षात राहिली आहे.

आता मार्कांचं. दहावीतल्या एका मुलीच्या आईने सरळच विचारलं, ‘मॅम, आप जो सिखा रही हैं, उससे नंबर आएँगे?’ आई म्हणून त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना फसवलं नाही. तपासणारा कोण, त्याचा मूड काय, यावर माझा ताबा नाही. म्हणून परीक्षेपुरतं मी मुलांना असं सांगते : दिलेले तीनही बिंदू घ्या, गाळू नका. पण प्रत्येक बिंदूखाली आपल्या घरातलं, गल्लीतलं निदान एक काहीतरी ठेवा. ‘मेट्रो और दिल्ली का जीवन’ आला आणि बिंदू असला ‘समय की बचत’, तर समय की बचत होती है असं लिहून पुढे जाऊ नका. वैशालीवरून राजीव चौकला जाताना तुमची ताई ब्लू लाइनमध्ये उभ्याने अभ्यास करते, ते लिहा. तपासणाऱ्याला बिंदूही दिसेल आणि ताईही. विचार करायला पाच मिनिटं, लिहायला दहा, आणि शेवटची तीन मिनिटं फक्त वाचायला. ती तीन मिनिटं कुणी ठेवत नाही. मुलांना वाचायला लाज वाटते, स्वतःचंच लिहिलेलं.

त्यांच्याकडून मी ते मोठ्याने वाचून घेते. अडखळलं तिथे वाक्य चुकलंय. श्वास पुरला नाही तिथे वाक्य लांब आहे. आवाज आपोआप भाषणासारखा चढला की समजावं, गाइड आलं. हे मुलांना चटकन ऐकू येतं, दुसऱ्याच्या निबंधात तर फारच चटकन. एकजण वाचत असला आणि ‘आजच्या युगात’ आलं की बाकीचे एका सुरात ‘युऽऽग’ म्हणतात. वर्गाच्या भिंतीवर बंदी घातलेल्या शब्दांचा एक कागदच चिकटवलेला आहे : युग, काळाची गरज, नाण्याच्या दोन बाजू, शाप की वरदान. खाली कुणीतरी पेन्सिलीने ‘झाडे लावा’ लिहिलंय. ते मी पुसलं नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत तालकटोऱ्याला साहित्य संमेलन झालं, अठ्ठ्याण्णवावं, ताराबाई भवाळकर अध्यक्ष. दिल्लीत त्याआधीचं १९५४ साली झालं होतं. आमच्या वर्गातली बरीच मुलं आईवडिलांबरोबर जाऊन आली. पुढच्या रविवारी मी विषय दिलाच नाही. फक्त म्हटलं, तिथलं एक माणूस लिहा, ज्याचा फोटो पेपरात आला नसेल. एकाने पुस्तकांच्या दुकानावर पावती फाडणाऱ्या काकांवर लिहिलं, एकीने आजीवर. आजी दोन दिवस एकाच खुर्चीवर बसून होती, कारण उठलं तर खुर्ची जाईल. कविता आवडली का विचारलं तर म्हणाली, सगळीकडे मराठी ऐकू येत होतं, ते बरं वाटलं, कविता लांबल्या. नात या आजीला ‘तो’ करून लिहीत होती, हिंदीत तो आणि ती दोघांनाही एकच ‘वह’ असतो म्हणून. ते पुढच्या आठवड्यात दुरुस्त केलं.

येत्या रविवारचा विषय ‘माझा आवडता सण’ आहे. विषय फळ्यावर लिहीपर्यंत तीनचार दिवाळ्या कंदील आणि फराळासकट तयार झाल्या. गलाईवाल्याच्या मुलाने हात वर केला.

‘बाई, धनत्रयोदशीच्या आधी पप्पा दुकानातच झोपतात. घरी येतच नाहीत. ते लिहिलं तर चालेल?’

‘चालेल. कुठे झोपतात? भट्टीपाशी की काउंटरमागे? अंगावर काय घेतात?’

‘माहीत नाही.’

‘मग विचारून ये.’

‘आत्ता फोन करू?’

‘आत्ता नको. करोलबागेला सुट्टी सोमवारी, आत्ता गिऱ्हाईक असेल. रात्री विचार. आणि झोप लागते का, तेही विचार.’